चंद्र मावळलाच नाही तर उगवणार कसा? ध्रुवाकडच्या प्रवासात उपास, पूजा, नमाज सांभाळायची पद्धत

आई पुण्याहून निघतानाच म्हणाली होती, मधे संकष्टी येतेय बरं का. मी म्हटलं येऊ दे की, साबुदाणा घेऊ बरोबर. प्रश्न साबुदाण्याचा नव्हताच. नोव्हेंबरातलं ट्रोम्सो, नॉर्वेच्या पार उत्तरेला, ६९ अंश अक्षांशाच्याही वर, आणि मी सकाळी मोबाईलवर चंद्रोदयाची वेळ बघायला गेले तर वेळेच्या जागी नुसती आडवी रेघ. आधी वाटलं नेट गेलं, मग वाटलं अ‍ॅप बिघडलं, मग पडदा सरकवून बघते तर चंद्र समोरच, काल रात्रीपासून तो तिथेच फिरत होता. आईने चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली, "अगं मावळलाच नाही तर उगवणार कसा?"

आता पुण्या-मुंबईहून नॉर्दर्न लाइट्स (ध्रुवाकडच्या आकाशातले रंगीत प्रकाशाचे पट्टे) बघायला लोक ढिगाने ट्रोम्सो, रशियातलं मुर्मान्स्क, आइसलंडला जातात आणि त्यात आपल्या आई-सासूच्या वयाची मंडळीही असतात, ज्यांची संकष्टी चाळीस वर्षांत चुकलेली नाही. म्हणून जे त्या आठवड्यात कळलं आणि नंतर वाचून-विचारून नीट केलं ते इथे क्रमाने लिहितेय. मी भटजी नाही, मौलवी नाही. तुमच्या घरचा जो कोणी जाणकार असेल त्याला निघायच्या आधी एकदा विचाराच, पण विचारताना नेमकं काय विचारायचं ते यातून कळेल.

आधी तिथला सूर्य काय करतो ते बघा

हे तिकीट काढतानाच बघायचं. साडेसहासष्ट अंशांच्या, म्हणजे आर्क्टिक वर्तुळाच्या वर गेलं की वर्षातले काही दिवस सूर्य मावळत नाही आणि काही दिवस उगवत नाही. ट्रोम्सोत साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळत नाही आणि २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी उगवत नाही. अजून वर नॉर्वेच्याच स्वालबार्ड बेटांवर लाँगइयरब्येनमध्ये तर एप्रिलच्या विशीपासून ऑगस्टच्या विशीपर्यंत अखंड दिवस आणि ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य गायब. आइसलंडचं रेक्याविक वर्तुळाच्या खाली आहे म्हणून लोकांना वाटतं तिथे काही अडचण नाही, पण जूनच्या शेवटाकडे तिथे सूर्य रात्री बाराच्या आसपास मावळतो आणि तीनच्या सुमारास परत हजर. म्हणजे सोमवारचा सूर्यास्त मंगळवारी होतो! सूर्यास्तानंतर उपास सोडणाऱ्याने काय करायचं सांगा.

पाठोपाठ वेळेचा फरक लिहून ठेवा. नॉर्वे आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. मुर्मान्स्क वर्षभर अडीच तास मागे, आइसलंड वर्षभर साडेपाच. एवढे चार आकडे पाठ असले की निम्मं काम झालं.

(आपल्याकडे हे अगदीच अनोळखी नाही म्हणा. देवांचा एक दिवस म्हणजे माणसांचं एक वर्ष, मेरूवरच्या देवांना सूर्य सहा महिने दिसतो, हे जुन्या ज्योतिष ग्रंथांत आहेच, आणि लोकमान्यांनी तर वेदांतल्या लांबच लांब पहाटेच्या वर्णनांवरून आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडे असल्याचं मांडलं होतं. ते पटो न पटो, पण अकरा वाजता पूर्ण आभाळ गुलाबी आणि सूर्य मात्र नाही, अशी पहाट बघितली की टिळक आठवतात.)

मग आपल्या नेमांची वाटणी करा

कागद घ्या आणि जे जे पाळता ते लिहा. आईची यादी अशी होती: रोजची सकाळची पूजा, संध्याकाळी दिवा, संकष्टी, एकादशी. हे सगळं दिसायला एकसारखं, पण आतून दोन वेगळे प्रकार आहेत आणि माझ्या मते सगळी गडबड हे दोन प्रकार एकत्र केल्यामुळे होते.

पहिला प्रकार रोजच्या दिनक्रमाचा. सकाळची पूजा, तिन्हीसांजेचा दिवा, संध्या, नमाज, जैनांचा चौविहार (सूर्यास्तानंतर अन्नपाणी बंद). हे दिवसाच्या चक्राला बांधलेलं आहे. इथे सूर्य नीट वागत नसेल तर दुसऱ्या गावाच्या घड्याळातला आकडा उसना घ्यायचा. पुण्यात दिवा सात वाजता लावता? ट्रोम्सोतही तिथल्या घड्याळात सात वाजले की लावा. बाहेर ऊन असो की दुपारी दोनपासून काळोख असो. उगाच भारतातले सात म्हणजे इथले अडीच असं करत बसलात तर दोन दिवसांत झोपेचं वाटोळं होतं, आणि दिनक्रमाचा नेम दिनक्रमच मोडून पाळायचा याला काही अर्थ नाही.

दुसरा प्रकार तिथीचा आणि चंद्राचा. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर, ते जगात सगळीकडे एकाच क्षणी बदलतं. द्वादशी पुण्यात सकाळी नऊला संपली की ट्रोम्सोतही त्याच क्षणी संपली, फक्त तिथल्या घड्याळात पहाटेचे साडेचार झालेले असतात. इथे आकडा नाही, तोच क्षण घ्यायचा. म्हणजे साडेचार तास वजा.

आकडा की क्षण, हे प्रत्येक नेमापुढे एका शब्दात लिहा. एवढंच करा, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

संकष्टी

हे जरा सविस्तर, कारण मराठी घरात सगळ्यात जास्त अडकतं ते इथेच. हिवाळ्यात पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोब्बर समोर असतो, म्हणजे उन्हाळ्यात सूर्य जिथे असतो त्या जागी. त्यामुळे जो मान उन्हाळ्यात सूर्याला, तोच हिवाळ्यात चंद्राला, तो मावळतच नाही, आकाशात गोल गोल फिरत राहतो. चतुर्थीचा चंद्र पौर्णिमेच्या तीन-चार दिवस पुढे असतो म्हणून महिने थोडे अलीकडे सरकतात. ट्रोम्सोच्या अक्षांशावर ढोबळमानाने ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतच्या संकष्टीला चंद्र मावळत नाही, आणि एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंतच्या संकष्टीला तो उगवतच नाही. बाकीच्या महिन्यांत उगवतो पण भलत्या वेळेला. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला पाचेक अंश तिरकी आहे आणि तो तिरकेपणा १८.६ वर्षांच्या चक्रात फिरतो, म्हणून हे दरवर्षी थोडं बदलतं. २०२४-२५ च्या आसपास हा प्रकार सगळ्यात जोरात होता, २०३४ च्या सुमारास ट्रोम्सोत चंद्र रोज शहाण्यासारखा उगवेल आणि मावळेल. तोपर्यंत थांबायचं असेल तर थांबा.

आम्ही काय केलं: पुण्याचा चंद्रोदय घेतला, तोच क्षण. कॅलेंडरात आठच्या आसपासची वेळ होती, म्हणजे ट्रोम्सोत दुपारचे साडेतीन. आईला आधी ते पटेना, दुपारी कसला उपास सोडायचा म्हणे. पण साडेतीनला बाहेर इतका काळोख होता की रस्त्यावरचे दिवे लागून तास उलटून गेला होता, आणि उत्तरेला डोंगराच्या वर वीतभर चंद्र. गंमत म्हणजे तो दुपारी सव्वादोन-अडीचच्या सुमाराला सगळ्यात खाली येऊन पुन्हा चढायला लागला होता. आईने ते खिडकीत बसून स्वतः बघितलं आणि मग तिनेच निकाल दिला की खाली येऊन वर चढला, हाच त्याचा उदय, आणि पुण्याची वेळ त्याच्या नंतरचीच आहे, झालं तर मग. तिकडे व्हिडिओ कॉलवर बाबा आणि वहिनी ताटं वाढून बसलेले. इकडे आम्ही हॉटेलच्या किटलीच्या पाण्यात भिजवलेला साबुदाणा, दाण्याचं कूट आणि उकडलेला बटाटा. दोन्हीकडे एकदमच आरती.

कोणाला हे पळवाट वाटेल तर त्यांना एवढंच विचारा, आषाढ-श्रावणात मुंबईत चंद्र दिसतो का हो? महिना महिना दिसत नाही. तरी कॅलेंडरात वेळ बघून आपण मोदकाला हात घालतोच ना.

दोन बारीक गोष्टी. अर्घ्याचं पाणी बाल्कनीत सोडू नका, त्याचा लगेच काचेसारखा थर होतो आणि सकाळी आपणच घसरतो (मी घसरले, आई नाही). वाटीत सोडा, नंतर बेसिनमध्ये. आणि त्या संध्याकाळी लाइट्स बघायची बस असेल तर उपास आधीच सुटेल अशी वेळ निवडली आहे ना ते बघा, कारण या बसेस रात्री दोन-दोन तीन-तीनपर्यंत हिंडवतात.

एकादशी

इथे गोंधळ तारखेचा. सूर्योदयाला जी तिथी ती त्या दिवसाची, हा आपला नियम, पण सूर्योदयच नसेल तर अ‍ॅप एकतर रिकामी जागा दाखवतं किंवा घरच्यापेक्षा एक दिवस मागेपुढे तारीख दाखवतं. घाबरू नका आणि दोन दोन दिवस उपासही करू नका. घरी ज्या तारखेला एकादशी तीच धरा, उपास तिथल्या सकाळी उठल्यापासून, आणि पारणं दुसऱ्या दिवशी द्वादशी संपायच्या आत, ती वेळ मात्र क्षणाने मोजायची. वर सांगितलेला पहाटे साडेचारचा प्रकार आला तर? आमच्या ओळखीच्या एका गुरुजींनी सांगितलं की अलार्म लावून उठा, तुळशीचं पान किंवा घोटभर पाणी घ्या, परत झोपा. आषाढी जून-जुलैत येते, म्हणजे तिकडे बहुतेक मध्यरात्रीच्या सूर्यातच.

नमाज आणि रोजे

आमच्या ग्रुपमध्ये रत्नागिरीकडचे एक काका होते, आयुष्य बोटीवर गेलेलं, त्यांच्याकडून हे सगळं कळलं. मुळात एक हदीस (पैगंबरांच्या वचनाची नोंद) आहे, जगाच्या अंताआधी येणाऱ्या दज्जालच्या काळात एक दिवस वर्षाएवढा होईल, तर त्यात एका दिवसाची नमाज पुरेल का असं विचारल्यावर पैगंबरांनी सांगितलं की नाही, अंदाज करून वेळा ठरवा. ध्रुवाकडच्या सगळ्या चर्चेचा पाया तोच.

गंमत अशी की डिसेंबरात ट्रोम्सोत भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या फक्त तीनेक अंश खाली असतो, त्यामुळे फज्र (पहाटेची) आणि इशा (रात्रीची) या नमाजांच्या वेळा संधिप्रकाशावरून निघतात, पण सूर्यास्तच नाही म्हणून मगरिब (सूर्यास्ताची) निघत नाही आणि सावलीच नाही म्हणून असर (दुपार उतरल्यावरची) निघत नाही. उन्हाळ्यात उलट, जुहर (दुपारची) आणि असर निघतात, पण सूर्य मावळतच नाही म्हणून मगरिब, इशा आणि फज्र निघत नाहीत. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये उंच अक्षांशांसाठी पर्याय असतात, रात्रीचा मध्य, रात्रीचा सातवा भाग वगैरे, ते लंडन-ऑस्लोला उपयोगी, पण त्यांनाही रात्र लागतेच, आणि जिथे रात्रच नाही तिथे ते गप्प होतात. तेव्हा दोन रस्ते उरतात: जवळच्या ज्या शहरात दिवस-रात्र नीट आहे त्याच्या वेळा, नाहीतर मक्केच्या वेळा. ट्रोम्सोतले मुस्लिम बरेचदा मक्केच्या वेळा पाळतात आणि तिथेही आकडाच घेतात, मक्केत फज्र पाचला तर ट्रोम्सोच्या घड्याळातही पाचला. काकांनी तेच केलं.

प्रवाशाला नमाज छोटी करायची सवलत आहेच. दोन नमाजा एकत्र करायची सवलत मात्र सगळ्यांत सारखी नाही. मुस्लिमांमध्ये धर्मशास्त्राचे वेगवेगळे पंथ आहेत. कोकणी मुस्लिम शाफई पंथाचे, त्यांच्यात प्रवासात जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र करता येतात, हनफींमध्ये हज सोडून तसं करत नाहीत. कोकणातल्या माणसाने हैदराबादच्या मित्राचं ऐकून, किंवा उलट, गोंधळ करून घेऊ नये. रोज्यांचं सोपं आहे, प्रवासात सोडले तरी नंतर भरून काढता येतात. पुढे २०३० मध्ये रमजान दोनदा येतोय, जानेवारीच्या सुरुवातीला आणि डिसेंबरच्या शेवटी, दोन्ही वेळा निदान सुरुवातीला तिकडे सूर्य नसेल, त्या वर्षी जाणाऱ्यांनी आत्तापासून विचारून ठेवा. आणि किब्ला (नमाजेत तोंड करायची मक्केची दिशा) ट्रोम्सोतून दक्षिणेकडे, जरासा पूर्वेला झुकून. भारतातून पश्चिमेची सवय असते, हात आपोआप तिकडेच वळतात असं काका म्हणाले.

बाकीचे नेम, थोडक्यात

सांगलीचं एक जैन जोडपं होतं, चौविहार पक्का. सूर्यास्त दुपारी एकच्या सुमाराला, आता त्याच्या आत दोन्ही जेवणं कशी करणार? त्यांनी निघण्याआधीच महाराजांना विचारून सांगलीच्या सूर्यास्ताचा आकडा धरला होता, सहा वाजले की पाणीसुद्धा बंद. हॉटेलला आधीच मेल करून साडेपाचला जेवण मागितलं होतं आणि नॉर्वेत लोक तसेही लवकर जेवतात त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही.

ज्या बौद्ध मंडळींचा नेम वर्षावासात (पावसाळ्यातल्या व्रतकाळात) किंवा उपोसथाला (व्रताच्या दिवशी) दुपारी बारानंतर न जेवण्याचा आहे, त्यांचं सगळ्यात सोपं. सूर्य दिसो न दिसो, मध्यान्ह रोज होतेच. फक्त ती घड्याळी बाराला होत नाही, ट्रोम्सोत उन्हाळ्यात पाऊणच्या सुमाराला होते.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू लोकांच्या शब्बाथचाही (आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाचाही) हाच प्रश्न, शुक्रवारचा सूर्यास्त कधी मानायचा. ज्यू धर्मशास्त्रात यावर जुनी मतं आहेत, एक म्हणजे जिथून निघालात तिथल्या घड्याळाने चाला, दुसरं म्हणजे चोवीस चोवीस तास मोजत सातवा दिवस धरा. आपण ठाण्याहून गेलो तर ठाण्याचं घड्याळ, तेही आपल्याच वळणाचं झालं.

सामान

कापूर विमानात नेऊ देत नाहीत, चेक-इनमध्येही नाही, तो ज्वालाग्राही. सुकं खोबरंही तसंच, त्याच्या तेलामुळे. दोन्ही घरीच ठेवा, एअरपोर्टवर बॅग उघडून काढायला लावतात. दुधाचे पदार्थ भारतातून नॉर्वेत न्यायची परवानगी नाही, म्हणजे पेढे, बर्फी, तूप सगळं गेलं. दूध, दही, साखर तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. साबुदाणा, वरी, दाण्याचं कूट, गूळ, राजगिऱ्याच्या वड्या घ्या. ताजी पानंफुलं नेण्याच्या भानगडीत पडू नका, जे नाही त्याच्या जागी अक्षता वाहायची आपली पद्धत आहेच, मूठभर तांदूळ डबीत पुरतो. मूर्तीऐवजी एक सुपारी. आमचा गणपती तोच होता, मोज्यात गुंडाळून गेला आणि आला.

उदबत्ती खोलीत अजिबात नको. आम्ही पहिल्या दिवशी एकच लावली, बाथरूमचं दार बंद करून, पंखा चालू करून, तरी पूर्ण मजला भोंग्याने दणाणला आणि लोक बर्फात स्लीपरवर बाहेर. चूक आमचीच. अग्निशमनचं बिल पाहुण्याच्या नावावर लावतात अशी ठिकाणं तिकडे आहेत, आमचं थोडक्यात निभावलं. बॅटरीची पणती न्या.

उपासाचं शरीराला

थंडीत तहान लागत नाही पण पाणी भरपूर जातं, आणि उणे दहाला बर्फात चालताना भूक दुपटीने लागते. निर्जळी तिथे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शुगर, बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, आणि विचारताना "उपास करू का" एवढंच नाही, "उणे दहामध्ये, रात्री दोनपर्यंत जागून उपास करू का" असं विचारा. आईच्या थर्मासमध्ये गूळ-सुंठीचं गरम पाणी असायचं, कुत्र्यांच्या गाडीच्या राइडच्या आधी दोन घोट. तो दिवस संकष्टीचा असता तर मी ती राइड घेऊ दिली नसती.

दक्षिणेकडे जाणाऱ्यांना

टुरिस्ट कमी, पण आपली माणसं अंटार्क्टिकाला दरवर्षी जातात. मोहिमा गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय केंद्रातून आखल्या जातात, मैत्री स्टेशन १९८९ पासून आणि भारती २०१२ पासून चालू आहे. तिथे वरचं सगळं उलटं करा. आषाढी अंधारात, संक्रांत अखंड उन्हात. आगीबाबत नियम हॉटेलपेक्षा कितीतरी कडक, कारण हवा कोरडी आणि विझवायला पाणी नाही, तेव्हा दिवाळीलाही विजेच्याच माळा.

संक्रांतीला जात असाल तर

१४ जानेवारीला तिळगूळ बरोबर असू द्या, कारण ट्रोम्सोत सूर्य जवळपास त्याच दिवसांत परत येतो. डोंगरामुळे तो गावातून दिसायला अजून आठवडा लागतो, म्हणून तिथले लोक २१ जानेवारीला सूर्याचा दिवस साजरा करतात, शाळेतली पोरं त्याला बघायला बाहेर येतात आणि सगळे जण जॅम भरलेले गोल तळलेले बन खातात. दुकानांत त्या दिवशी त्यासाठी रांगा असतात. बनमध्ये बहुतेक अंडं असतं, उपास असेल किंवा खात नसाल तर काउंटरवर विचारून घ्या.